साडेपांच इंच

मोटारीच्या पोटाखालीं उताणें पडून आयुष्यांतले चार रविवार घालविले म्हणजे माणसाला त्याविषयीं कोणाशीं तरी बोलावेसें वाटतें. परंतु ऐकणारा सांपडणें कठीण. कॉलेजांतील सहकाऱ्यांपाशीं मीं हा विषय काढून पाहिला. एकानें घड्याळाकडे पाहिलें आणि दुसऱ्याला तपासावयाच्या पेपरांची आठवण झाली. म्हणून मातृभाषेच्या वाचकाकडे धांव घेत आहें. पुण्यास पदवी घेऊन अमेरिकेंत आलेल्या, कोलोरॅडोच्या डोंगराळ मुलुखांत गणित शिकवीत पन्नाशी उलटून गेलेल्या गृहस्थानें आपली जुनी टोयोटा पिकअप गाडी उंच करण्याच्या नादीं कां लागावें, हा प्रश्न रास्त आहे. माझी पत्नी तो याहून पुष्कळ कमी शब्दांत विचारते.

गाडी १९८५ सालची. पहिली कायमची नोकरी लागली तेव्हां, १९९८ सालीं, मीं ती जुनीच विकत घेतली. कागदपत्रांत तिचा रंग निळा म्हणून नोंदलेला आहे, आणि सरकारी कागदावर अविश्वास दाखविण्याचें मला कारण नाहीं. त्याच १९८५ सालीं पडद्यावर आलेल्या 'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटांत ज्या काळ्या, रुबाबदार गाडीसाठीं नायकाचा जीव टांगलेला असतो, ती हिचीच सख्खी बहीण. माझ्या मुलानें तो चित्रपट दहाव्या वर्षीं पाहिला आणि त्या दिवसापासून आमच्या गाडीकडे तो, गरीब घरांत दडलेल्या राजकन्येकडे पाहावें, तसा पाहूं लागला. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या या पिकअपांच्या पुढच्या चाकांची बांधणी टोयोटानें १९८६ पासून बदलली. तेव्हांपासून पुढचीं दोन चाकें एकमेकांस न विचारतां वरखालीं होऊं लागलीं. आमच्या गाडीला मात्र पुढेंही बैलगाडीसारखा एकसंध आंस आहे आणि त्यावर पोलादी पट्ट्यांच्या कमानी आहेत. खडकाळ वाटेच्या शौकिनांना ही जुनी बांधणीच प्यारी.

या पट्ट्यांना आपल्याकडील मेस्त्री 'पाटे' म्हणतात. आमचें गांव वाईजवळचें. लहानपणीं पसरणीच्या घाटांत एस्‌. टी. थबकली, कीं 'पाटा तुटला' हे दोन शब्द पुढून मागपर्यंत पसरत आणि बायका शांतपणें शिदोऱ्या सोडीत. माझी आई २०१६ सालापासून आमच्याकडे असते. नातू गॅरेजमध्यें पाटे बदलणार आहे हें ऐकल्यावर तिनें प्रथम विचारलें, "आणि वरवंटा?"

सान हुआन पर्वताच्या माथ्यावरचे रस्ते १८७० नंतरच्या काळांत चांदी-सोन्याच्या खाणींसाठीं पाडलेले. खाणी गेल्या, खेचरें गेलीं, रस्ते तेवढे राहिले. सिनॅमन खिंड १२,६४० फूट उंचीवर आहे. तेथें चढतांना दगडांच्या पायऱ्याच लागतात. चाळीस वर्षांच्या ओझ्यानें आमच्या गाडीच्या कमानी सपाट झालेल्या. गेल्या उन्हाळ्यांत अशाच एका पायरीवर तिचें पोट टेकलें आणि पुढचीं चाकें हवेंत नुसतीं फिरत राहिलीं. मागून येणाऱ्या एका भल्या गृहस्थानें दोर लावून ओढली. त्यानें कांहीं म्हटलें नाहीं, पण माझ्या मुलाला तो अपमान झोंबला. खरें सांगावयाचें तर मलाही झोंबला. पन्नाशीनंतर माणसाला आपली उंची कमी होत चालल्याचा संशय येऊं लागतो, त्याचाही यांत कांहीं हात असेल.

बेत असा ठरला: जुन्या पाट्यांच्या जागीं अधिक बाक असलेले नवे पाटे घालावयाचे, म्हणजे गाडी चार इंच वर येईल, आणि अठ्ठावीस इंचांच्या चाकांऐवजीं एकतीस इंचांचीं चाकें चढवावयाचीं. चाकाचा व्यास तीन इंचांनीं वाढला कीं आंस त्याच्या निम्म्यानें, म्हणजे दीड इंचानें, वर जातो. एकूण साडेपांच इंच. हा हिशेब फळ्यावर मांडावा इतका सुबक आहे. परंतु त्यांत एक मेख आहे, आणि ती मुलाला पटवितांना माझा एक संपूर्ण रविवार खर्ची पडला. पाटे बदलल्यानें सांगाडा आणि वरची गाडी उचलली जाते. आंस चाकांच्या मध्यावरच असतो, तो जागचा हलत नाहीं. आणि आंसावरचा डिफरन्शियलचा गोळा हीच तर गाडीची सर्वांत खालचीं लोंबणारी वस्तु! म्हणजे साडेपांच इंच वर चढून बसलेल्या या गाडीचा दगडाशीं पहिला टक्कर घेणारा अवयव उचलला जाणार अवघा दीड इंच. "मग बाकीचे चार कशाला?" मुलानें विचारलें. पोट टेकूं नये म्हणून, मोठीं चाकें वळतांना पत्र्याला घांसूं नयेत म्हणून, असें मीं सांगितलें. चांगलें दिसावें म्हणून, हें कारण आम्हां दोघांनाही ठाऊक होतें. तें कोणीच उच्चारलें नाहीं.

कामाचें वर्णन करूं लागलों तर मासिकाचीं पानें पुरणार नाहींत. गंजलेल्या बोल्टांना रात्रभर तेल पाजावें आणि सकाळीं त्यांनीं जराही ओळख दाखवूं नये, हा अनुभव मला वर्गांतून आहेच. आंसाला कमान जखडणारे यू-बोल्ट जुने वापरूं नयेत, ते एकदां ताणले गेलेले असतात. ते नवे आणले. पाट्यांच्या टोकांच्या रबरी बुशांतून जाणारे बोल्ट मी उत्साहानें आवळूं लागलों, तेव्हां मुलानें हात धरला. "बाबा, आत्तां नका. आधी चाकं जमिनीवर टेकूं द्या." गाडी जॅकवर अधांतरीं असतां बोल्ट आवळले तर रबर त्याच स्थितींत धरलें जातें आणि पुढें भार पडला कीं पिळवटून फाटतें, म्हणून अंगावर स्वतःचें वजन आल्यानंतरच शेवटचा पीळ द्यावयाचा. हें त्याला कोणीं शिकविलें, कोण जाणे. मीं तर नव्हे.

मागचे पाटे आधीं बदलले. त्या रात्रीं गाडी शेपटी वर करून उभी होती. आई गॅरेजच्या दारांत येऊन म्हणाली, "धुरजड झाली रे." बैलगाडीचा भार जुवाकडे आला म्हणजे वापरावयाचा हा शब्द मीं चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. नातवानें तो पाठ केला.

पुढें एकेक देणें उभें राहूं लागलें. गाडी उंच झाल्यामुळें मागच्या आंसाकडे जाणारा शाफ्ट अधिक तिरपा झाला आणि ताशीं पन्नास मैलांच्या वेगांत सारी गाडी थरथरूं लागली. शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे असतात. तिरप्या सांध्यांतून फिरतांना गति एकसारखी राहत नाहीं, एका फेऱ्यांत दोनदां पुढेंमागें होते. दोन्हीं टोकांचे कोन सारखे असले तरच एकाची चूक दुसरा भरून काढतो. या सांध्याला इंग्रजींत रॉबर्ट हूकचें नांव आहे, आणि भाराच्या प्रमाणांत स्प्रिंग ताणली जाते हा १६७८ सालीं प्रसिद्ध झालेला नियमही त्याचाच. आंसाखालीं दोन पाचरी बसवून मीं कोन सारखे केले आणि थरथर थांबली. तीस वर्षें फळ्यावर त्रिकोणमिति लिहिणाऱ्याला ती प्रथमच हाताच्या तळव्यांस जाणवली. ब्रेकच्या रबरी नळ्या अपुऱ्या पडल्या, त्या लांब घातल्या. वेगाचा कांटा आतां साठ दाखवितो तेव्हां गाडी खरोखर सहासष्टांच्या आसपास पळत असते.

परंतु सर्वांत विलक्षण ती एक झडप. मागच्या ब्रेकांकडे किती दाब सोडावयाचा हें ती ठरविते. तिचा एक दांडा आंसाला जोडलेला असतो. मागें माल भरला, गाडी खालीं दबली, कीं झडप समजते कीं ओझें आहे, आणि दाब वाढविते. गाडी वर राहिली, कीं ती समजते कीं गाडी रिकामी आहे, आणि दाब आंखडता घेते. आम्हीं पाट्यांनीं गाडी चार इंच उचलली. झडप बिचारी तेव्हांपासून गाडीत कांहींच नाहीं असें धरून चालली. चौकांत लाल दिव्यापुढें गाडी नेहमीपेक्षां दोन हात पुढें जाऊन थांबली, तेव्हां मला दरदरून घाम फुटला. दांड्याचा आधार चार इंच उंच बांधून तिचा गैरसमज दूर केला.

असा प्रत्येक इंचाचा जमाखर्च आम्हीं पुरा केला, आणि जूनमधल्या एका रविवारीं सकाळीं गाडी अंगणांत उभी केली. रविवारीं आईला घेऊन अ‍ॅनिमस फोर्क्सला जाण्याचा आमचा परिपाठ. अकरा हजार दोनशें फुटांवरचें हें खाणवाल्यांचें गांव १९२० नंतरच्या दशकांत पार ओस पडलें. लांकडी घरें मात्र उभीं आहेत. आईला तें फार आवडतें. कोणत्या घरांत किती माणसें असतील, चूल कोठें असेल, याचा ती दर वेळीं नवा अंदाज करते. सिल्व्हरटनहून तेथवर बारा मैल खडीचा रस्ता आहे आणि त्या रस्त्याला, लक्षांत घ्या, गाडी उंच करण्याची कांहींएक गरज नव्हती.

आई लुगडें नीट करून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून आली. दार उघडून तिनें दांडी धरली. उजवा पाय उचलला, अर्ध्यावर नेला, आणि खालीं ठेवला. मग डावा. मग गाडीकडे न पाहतां म्हणाली, "तुम्ही दोघं या जाऊन. मला आज भाजणी करायची आहे."

मीं खरें मानलें. पुढल्या रविवारीं डोकें दुखत होतें, तेंही खरें मानलें. घाटांतून परततांना मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबा, आजीचं माप आपण घेतलंच नाहीं."

दोन महिने मी कोन मोजीत होतों. झडपेचा गैरसमज मला समजला. एक्याऐशीं वर्षांचा गुडघा किती इंच चढतो, हें विचारण्याचें मात्र डोक्यांत आलें नाहीं. त्या रात्रीं मीं गॅरेजच्या मागें ठेवलेले जुने पाटे काढले आणि आईला म्हटलें, "पुन्हां होती तशी करतों." ती रागावली. "पोरानं चार आठवडे हात काळे केले ते काय तूं उलटे करायला? माझा गुडघा काय उद्यां बरा होणार आहे?" आणि आंत जाऊन तिनें आपल्या ट्रंकेंतून वाईहून आणलेला पाट काढला. सागवानी, पितळी फुल्यांचा. माझ्या मुंजींत मी त्यावर बसलों होतों.

तेव्हांपासून पाटावर एक पाऊल, उंबऱ्यावर दुसरें, आंतून नातवाचा हात, अशी ती चढते. मग मी पाट उचलून मागें हौद्यांत टाकतों. दोन महिने सुरळीत चाललें. ऑगस्टमधल्या शेवटच्या रविवारीं, मुलगा आपल्या कॉलेजास परत जाण्याच्या आधीं, आम्ही निघालों तेव्हां मला घाई होती, आणि पाट अंगणांतच राहिला. हें कळलें तें अ‍ॅनिमस फोर्क्सला, दार उघडल्यावर.

आई आसनावरून हललीं नाहीं. "इथून दिसतंय सगळं," ती म्हणाली. उंचावरून खरोखरच दिसत होतें. पुढें आलेल्या खिडकीचें तें मोठें घर, त्यामागचा ओढा. तरीही ती घरांकडे पाहत नव्हती, आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहत होती. मुलगा कांहीं न बोलतां ओढ्याच्या कडेला गेला. एक सपाट दगड त्यानें निवडला. त्याला एकट्याला उचलेना, मी दुसऱ्या बाजूस धरला. त्या उंचीवर दहा पावलांत माझा श्वास संपला. दगड आम्हीं दाराखालीं टेकला. आईनें एक पाय खालीं सोडून बुटाच्या टोकानें तो दाबून पाहिला.

"हलतोय," ती म्हणाली.

मुलानें एक चीप शोधून खालीं सारली. तिनें पुन्हां दाबून पाहिलें, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उतरली. मग दगडाकडे मान वळवून मला म्हणाली, "तो तिथंच राहूं दे. परत चढायचं आहे."