भिंतीखालची माणसं

मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली संत चोखोबा गेले, ही गोष्ट आमच्याकडे पोरांना अक्षरओळखीच्याही आधी कळते. साल १३३८. नामदेव आले, हाडांना कान लावला, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती उचलून पंढरीला नेली, अशी श्रद्धा आहे. मला मात्र लहानपणापासून त्या भिंतीखालच्या बाकीच्यांचं कोडं पडतं. चोखोबांच्या बरोबरीने दगड वाहणारे आणखी कितीजण दबले? त्यांची नावं काय होती? ती लिहून ठेवावीत असं कुणाला वाटलं नाही.

आमच्या भागातल्या बायकांची दुखणी अशीच बेनाव गेली. आमची थोरली चुलती ऐन हुरड्याच्या दिवसांत गेली. अंगावरून जातंय, हे ती वर्षभर कुणाला बोलली नव्हती. जुन्या लुगड्याच्या घड्या ती न्हाणीमागे दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालायची. झाकलेलं कापड नीट वाळत नाही. तेच दमट ती पुन्हा घ्यायची. कंबर धरून खुरपायची, कणसं खुडायची, भाकरी थापायची. उंबरा ओलांडताना चौकट धरायची पाळी आली तेव्हा घरात कळलं. तोवर गर्भपिशवीच्या कॅन्सरने पुरती वाट अडवली होती. विचारायला येणाऱ्यांना घरच्यांनी सांगितलं, कमरेचं दुखणं होतं.

आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, या न सांगितलेल्या दुखण्यांचा कुणीतरी पाठपुरावा करत होतं, हे मला फार उशिरा समजलं. नर्गिस दत्त यांच्या नावाच्या तिथल्या कॅन्सर रुग्णालयातले डॉ. बी. एम. नेने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाशी जोडलेल्या डॉ. कस्तुरी जयंत यांनी १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांची कॅन्सरनोंद उभी केली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिली नोंदवही. मुंबईत असं काम १९६३ पासून चालू होतं. पण शहरात रुग्णालयांचे कागद चाळले की माणूस सापडतो. खेड्यात कागदच नव्हता. मग कार्यकर्ते गावोगाव फिरले. कोण आजारी आहे, कोण गेलं, जाताना काय होत होतं, असं विचारत राहिले. विचारता विचारता लक्षणं सांगितली, आणि जिच्यात ती दिसली तिला दवाखान्यापर्यंत यायला राजी केलं. काही वर्षांतच बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या.

गावोगाव जाऊन विचारणं ही मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. गरीब बाईला दवाखाना लांब असतो तो मैलांनी नव्हे. एक दिवस जायचा म्हणजे एक रोज बुडतो, एस्टीचं भाडं लागतं, जनावरांच्या वैरणीची सोय बघावी लागते, सोबतीला माणूस लागतो आणि त्याला कारण सांगावं लागतं. ते कारणच तिच्या तोंडून निघत नाही. दवाखान्यात बसून वाट बघणाऱ्या डॉक्टरला ती शेवटी भेटते, किरणांचा शेक देऊनही हाती काही लागत नाही तेव्हा.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात याच मंडळींनी टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँच्या कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत पिशवीच्या तोंडावरून घेतलेल्या नमुन्यात हा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही विषाणू शोधला, काहींत पेशी तपासल्या, काहींत सौम्य अॅसेटिक आम्ल लावून बिघडलेला भाग पांढरा पडतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. उरलेल्या गटांना तपासणी नव्हती. २००९ साली निष्कर्ष छापून आला: आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूच्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात. विषाणू तपासलेल्या गटांत ३४ बायका दगावल्या, तपासणी नसलेल्या गटांत ६४.

त्या ६४ वर माझी नजर अडते. त्यांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर जगभर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मला त्या अभ्यासाचं मोल कळतं, त्यातून पुढे कुठकुठल्या देशांतल्या बायकांचं भलं झालं तेही कळतं. पण म्हणूनच त्या बायकांचं देणं आपल्यावर राहतं. ज्वारी-तुरीच्या रानातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी जगाच्या वैद्यकाला धडा दिलाय.

बार्शीचा हातभार इथेच थांबला नाही. एचपीव्ही लशीच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी अभ्यासातही बार्शी होती. २०१० साली सरकारने लस देणं मध्येच थांबवलं, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं, एका डोसनेही भक्कम संरक्षण मिळतं. आता पुण्यात बनलेली लसही आहे.

इतकं सगळं आपल्या अंगणात झालं, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. मंगळवेढ्याहून बार्शी काही परदेशात नाही. त्या ज्ञानाचा उगम आपल्या भागात आणि त्याला पारख्या आपल्याच बायका, हे मला सहन होत नाही.

तुमच्या घरात तिशी ओलांडलेली आई, चुलती, वहिनी, मोलकरीण कुणी असेल तर आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात विचारा. तपासणीला काही मिनिटं लागतात. ती आपणहून बोलणार नाही. तुम्ही विचारा, आणि त्या दिवशी तिच्याबरोबर जा.