जीपचं एकच चाक तापतंय?

आमच्या जुन्या महिंद्रा जीपला चारही चाकांना ड्रम. परवा करमाडहून जाधववाडीला अद्रक नेताना गाडी ओढेना, जळका वास सुटला. पुढचं डावं चाक भाजत होतं, बाकी तीन थंड. माल दुसऱ्या गाडीत दिला. ब्रेक ऑईल उकळलं की पेडल सरळ खाली जातो, भरल्या गाडीला कोण थांबवणार?

चारही तापली तर मास्टर सिलेंडर अन् पेडलचा फ्री प्ले बघा. इथं एकच. मिस्तरी म्हणे, व्हील सिलेंडर बदला. मी जॅक लावून निपल सैल केली, ऑईल उडालं, चाक मोकळं! म्हणजे दाब अडकला होता. निपल बंद करून पेडल पुन्हा दाबला, सोडला. होसच्या वरचा जोड उघडला, तरी चाक घट्टच. होस बाहेरून चांगली, आतून फुगलेली. बदलली, हवा काढली. अन् हो, तापल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडकतो.