एका नगाचं काम

येझदीची किक आणि गिअर ही एकच दांडी. इंजिनाच्या डाव्या अंगाला असलेली ती पायानं आत दाबून वर फिरवली की किक, गाडी सुरू झाल्यावर पुढं आणून सोडली की गिअर. आत एका शाफ्टच्या पोटातून दुसरा शाफ्ट गेलेला. शिवाय जुन्या मॉडेलांत ही दांडी हलली की क्लच आपोआप सुटायचा. हातातली लिव्हर न दाबताच गिअर टाकणारे लोक आमच्या कोल्हापुरात कितीतरी होते. मूळ करामत चेकोस्लोव्हाकियातल्या जावाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१च्या सुमारास ती आपल्या रस्त्यांवर आली. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव येझदी झालं, दांडी मात्र तीच राहिली.

एकाच दांडीकडं एवढी कामं सोपवल्यावर ती मोडली की सगळंच थांबायचं. दांडी लांब, त्यामुळं गाडी डावीकडं पडली की पहिला मार तिला. शाफ्ट वाकायचा, कुणीतरी तो ठोकून सरळ करायचं, आणि सरळ केलेल्या जागीच काही महिन्यांनी तो मोडायचा, कारण वाकवून परत सरळ केलेल्या पोलादात बारीक चीर धरते. दुसरं दुखणं दात्यांचं. दांडीचा बोल्ट ढिला राहिला की शाफ्टवरचे दाते झिजत जायचे आणि एक दिवस दांडी नुसतीच फिरायची. किकही नाही, गिअरही नाही. मग गाडी ज्या गिअरमध्ये अडकली असेल त्यातच धक्का मारून घर गाठायचं.

वडिलांची येझदी राधानगरीच्या रस्त्यावर अशी अडकली तेव्हा मी शाळेत होतो. फिटरनं बॅटरी काढली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि गाडी उजव्या कुशीवर पोत्यावर निजवली, म्हणजे ऑइल काढून टाकायला नको. डावं कव्हर उघडलं, आतली चेन आणि क्लच उतरवला, आणि शाफ्टचे दोन तुकडे बाहेर आले. ते त्यानं रॉकेलनं धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि वडिलांच्या हातात दिले. “उद्यमनगर गाठा, गुरुजी. पण एक बी तुकडा हरवू नका.”

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर म्हणजे तेव्हा ओतकामाची भट्टी, ऑइल इंजिनं, पंप आणि एकाला एक लागून लेथच्या शेड. जमिनीवर लोखंडाचा कीस, भिंतीवर गेजांच्या रांगा, हवेत कटिंग ऑइलचा जळका वास. टर्नरनं दोन्ही तुकडे जुळवून उजेडात धरले, मोडलेल्या तोंडावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “दोन्ही तुकडं हाईत न्हवं? मग हुतंय.” किती घेणार हे त्यानं नंतर सांगितलं. आधी काम मान्य केलं.

ते काम कसं झालं हे मला आजही तपशिलानं सांगता येईल, कारण सुट्टीचे दिवस होते आणि वडिलांनी मला तिथंच बसवून ठेवलं होतं. भंगारातून ट्रकच्या जुन्या एक्सलचा तुकडा निवडला गेला. ज्या पोलादानं जन्मभर पीळ सोसला ते पुन्हाही सोसेल, हा त्यातला हिशोब. लेथवर तो कातून मापाला आणला. शेपरला इंडेक्सिंग लावून दाते पाडले. मग खरी कसोटी, पोलादाला पाणी देण्याची. अख्खा शाफ्ट कडक केला तर तो काचेसारखा फुटतो. म्हणून दात्यांचं टोक तेवढं लाल तापवून तेलात बुडवायचं, पॉलिश पेपरनं चकचकीत घासायचं आणि पुन्हा हळूहळू तापवायचं. चकाकीवर रंग चढू लागतो. गवती पिवळा दिसला की थांबायचं. थर्मामीटर नव्हता. तो पिवळा म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअस हे मी पुढं कॉलेजात शिकलो. टर्नरला आकडा ठाऊक नसेल, पण निळसर छटा यायच्या आत शाफ्ट बाहेर काढायचा हे त्याचा हात जाणत होता. शेवटी त्यानं माझ्या हातात कानस दिली. कडक दात्यावर ती घसरली, मधल्या दांड्यावर चावली. “बराबर,” तो म्हणाला.

फिटरकडं परत आल्यावर पॅकिंग राहिलं होतं. कव्हरवर जाड कागद ठेवून कडेकडेनं छोट्या हातोडीनं टिचक्या मारत त्यानं ते तिथल्या तिथं कापलं. संध्याकाळी गाडी उभी राहिली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शंभर सीसीच्या जपानी घडणीच्या गाड्या आल्या आणि त्यांचे शाफ्ट दुकानात सीलबंद पाकिटात मिळू लागले. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. आता टाकीवर पुन्हा ती नावं दिसतात, २०१८ साली जावाचं आणि २०२२ साली येझदीचं, पण त्या सहा गिअरच्या, पाण्यानं थंड होणाऱ्या, बटणावर सुरू होणाऱ्या वेगळ्याच गाड्या आहेत.

वडिलांची येझदी अजून माझ्याकडं आहे. मध्यंतरी तिचा शाफ्ट पुन्हा गेला. मोबाईलवरून मागवलेला तयार शाफ्ट चार दिवसांत घरपोच आला, दिसायला आरशासारखा. त्याच्या दात्यावर कानस फिरवली तर ती लोण्यात जावी तशी रुतली. तो मी बसवलाच नाही. जुन्या शाफ्टचे तुकडे घेऊन पुन्हा उद्यमनगरात गेलो.

उद्यमनगर आता कितीतरी पुढं गेलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. मायक्रॉनमध्ये माप धरणारी सीएनसी यंत्रं आहेत, प्रमाणपत्रासह ईएन २४ पोलाद मिळतं, हीट ट्रीटमेंट झाल्यावर कडकपणाचा आकडा कागदावर लिहून देतात. गवती पिवळ्याची वाट पाहत कुणी बसत नाही, आणि शाफ्ट पूर्वीपेक्षा चांगला होऊ शकतो. पण पहिल्या शेडमध्ये विचारलं, “किती नग?” मी म्हटलं, एक. दुसरीकडंही तोच प्रश्न. प्रोग्रॅम लिहायचा, टूल लावायचं, यंत्र थांबवायचं, तेही एका तुकड्यासाठी. त्यांचं गणित मला कळतं. तरी वाईट वाटलं. पूर्वी त्या शेडमध्ये एका नगासाठी माणूस हातातलं काम बाजूला ठेवायचा, मोडका तुकडा उजेडात धरायचा. आपली एक वस्तू कुणाला तरी मोलाची वाटते, हा भरवसा घेऊन गिऱ्हाईक घरी जायचं. हरवलं ते हे. लेथ अजून आहेत, पोलाद तर पूर्वीपेक्षा चांगलं आहे.

अखेर एका जुन्या शेडमध्ये एकानं आपल्या वडिलांच्या काळचा लेथ जपून ठेवलेला सापडला. त्यानं ईएन २४ मधून शाफ्ट कातून दिला आणि कडक करायला बाहेर पाठवला. पैसे बाजारातल्या शाफ्टच्या अनेक पट पडले. ते रास्त होते.

जुनी जावा-येझदी बाळगणाऱ्यांना एक विनंती. मोडलेला शाफ्ट भंगारात घालू नका, तोच पुढच्याचा नमुना आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिनाला, गाड्या घेऊन जमता तेव्हा हे तुकडेही आणा. मापं घेऊन एक ड्रॉइंग करा आणि दहा-वीस जणांची मिळून ऑर्डर द्या. एका नगाला आता दार उघडत नसेल, तर वीस नग घेऊन जाऊ या.