बाशी ईदचा समुद्र

उमरग्याहून समुद्र चारशे-साडेचारशे किलोमीटर दूर. आमच्या तालुक्यात अशी कितीतरी म्हातारी माणसे आहेत, ज्यांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला. तरीही अलीकडे रमजान ईदच्या संध्याकाळी मोहल्ल्यातली दोन-तीन भाड्याची वाहने कोकणाकडे निघतात. पूर्वी बाशी ईदची सैर म्हणजे नळदुर्ग. सोलापूरच्या वाटेवर, तासाभराचा रस्ता. डबे घ्यायचे, किल्ल्यात चटई टाकायची, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल पाहायचा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 सालचा तो महाल आम्ही प्रत्येक ईदला नव्याने पाहायचो. आताच्या मुलांना ते पुरत नाही. "चाचा, किल्ला कित्ते दफा देखना?" असे एकाने मला तोंडावरच विचारले. बरोबर आहे त्याचे. त्यांना वाळूवर गाडी पळवायची आहे, लाटांत उभे राहून गळ टाकायचा आहे, त्याचे रील काढायचे आहे.

शौक वाईट नाही. दिवसभर गॅरेजमध्ये, शिलाई मशीनवर किंवा हातगाड्यावर राबणाऱ्या मुलाला मोकळ्या हवेतला एखादा शौक असायलाच हवा. मला काळजी वेगळीच आहे. आमचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांत मोठा फरक आहे, आणि तो फरक आमच्या मुलांना कुणी सांगत नाही.

आमचे पाणी म्हणजे तलाव आणि विहीर. माझे मामू तुरोरीच्या तलावावर गळ टाकत. वेळूची काठी, बाटलीभर गांडुळे नाहीतर कणकेच्या गोळ्या. मरळ लागली तर घरी जल्लोष, चिलापी लागली तरी कालवण व्हायचेच. तलावाचे पाणी महिन्यांच्या हिशेबाने बदलते. पावसाळ्यात चढते, मे महिन्यात तळ दाखवते. सकाळी ज्या दगडावर चप्पल ठेवली, ती संध्याकाळी तिथेच सापडते. पोहायलाही आम्ही विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. विहिरीचे पाणी कुणाला ओढून नेत नाही. पाण्याबद्दलची आमची सगळी समज अशा थांबलेल्या पाण्यावर घडली आहे. बायका-मुलींना तर तेवढेही शिकवले नाही. समुद्रावर मात्र त्याही पूर्ण कपड्यांत कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. भिजलेल्या कपड्याचे वजन किती होते, हे पहिली मोठी लाट आल्यावर कळते.

समुद्राचे पाणी तासांच्या हिशेबाने बदलते. साधारण सहा तास चढते, सहा तास उतरते. दर दिवशी भरतीची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली जाते. त्याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक कमी असतो, तो भांग. रत्नागिरीकडचे दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. त्यांना हे शिकवावे लागत नाही.

आता आपले कॅलेंडर काढा. आपला महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो. म्हणजे शव्वालची पहिली तारीख, रमजान ईद, ही अमावास्येनंतर एक-दोन दिवसांतच येते. उधाणाचा जोरही अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकून असतो. थोडक्यात, ईद आणि बाशी ईद हे दरवेळी, न चुकता, उधाणाचे दिवस असतात. शबे-बरात पंधराव्या रात्री, तेव्हाही उधाण. बकरी ईद दहाव्या तारखेला, तेव्हा पाणी त्या मानाने भांगाच्या जवळचे. चंद्र शोधायला आपण सगळे गच्चीवर चढतो. तोच चंद्र तिकडे पाणी ओढत असतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

वेळही पाहा. उधाणाच्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर सकाळी सहा-सातच्या सुमारास ओहोटी पूर्ण होते आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान भरती. ईदच्या रात्री उमरग्याहून निघालेली गाडी सकाळी सात-आठला पोहोचते. समोर काय दिसते? भलामोठा, रिकामा, सपाट किनारा. ओली वाळू डांबरासारखी घट्ट. ड्रायव्हरही रात्रभर जागलेला. गाडी खाली उतरते, दोन फेऱ्या मारते, मग कडेला उभी करून सगळे नाश्त्याला बसतात. भरती सुरुवातीच्या तासात जेमतेम चढते, त्यामुळे कुणाला जाणवत नाही. निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच वर येते. चाकाखालची वाळू पाण्याने ढिली होते, ड्रायव्हर जोर लावतो तशी चाके आणखी रुततात. गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर शोधेपर्यंत इंजिनात खारे पाणी गेलेले असते. गाडी भाड्याची, हप्ते बाकी असलेली. ही गोष्ट इथवरच थांबली, तर नशीब म्हणायचे.

वाळूखाली आणखी कुणीतरी असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. कोकणात त्यांचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. 2024 ची ईद 11 एप्रिलला होती, 2025 ची 31 मार्चला. चाकाने घरटे चिरडते. चाकोरीत पडलेले बोटभर पिल्लू वर चढू शकत नाही, कावळे टपलेलेच असतात. मुक्या जिवाला विनाकारण त्रास देऊ नये, हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून गाडी वर रस्त्यावरच ठेवावी.

गळाची गोष्ट याहून बारीक आहे. किनाऱ्यावरून लाटांपलीकडे गळ टाकायला दहा-बारा फुटांची काठी, जड शिसे आणि कोळंबीचे आमिष लागते. बोय, ढोमा, नशीब असेल तर रावस. जाणता माणूस आधी अर्धा तास नुसता उभा राहतो आणि लाटा वाचतो. लाट फुटते तिथे खाली वाळूचा उंचवटा. जिथे ती फुटत नाही, पाणी गडद आणि शांत दिसते, तिथे खोल चर. मासा त्या चरात फिरतो. पण किनाऱ्यावर आलेले पाणी परत आत जाते तेही त्याच चरातून, जोराने. लाटांना घाबरणारे आपले लोक नेमकी ती शांत जागा निवडतात. तलावात शांत पाणी सुरक्षित असते, इथे उलटे आहे. असा प्रवाह आत ओढू लागला तर किनाऱ्याकडे पोहत दमू नये. तो पट्टा अरुंद असतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून त्यातून बाहेर पडावे आणि मग वळावे.

1 फेब्रुवारी 2016 ला मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. सहलीला आलेली मुले-मुली. त्या दिवशी उधाण नव्हते, चंद्र अर्धा होता. म्हणून नुसती तारीख पाहून चालत नाही. त्या किनाऱ्यावर रोज उतरणाऱ्या माणसाला विचारावेच लागते. मच्छीमाराला सलाम करून "इथे उतरू का?" एवढे विचारायला किती वेळ लागतो?

अशा मौतीनंतर मय्यतीला जमलेले लोक म्हणतात, लिहिलेलेच होते. आईबापांना धीर देण्यासाठी ते ठीक आहे. पण पुढच्या ईदला गाडी ठरवणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. भरवसा ठेवण्याआधी उंट बांधायचा असतो, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. समुद्रावर उंट बांधणे म्हणजे भरतीची वेळ पाहणे, गाडी वर ठेवणे, पाण्यात गुडघ्यापर्यंतच उतरणे आणि पोरांची मोजदाद करायला एकाला काठावर बसवणे.

चांदरातीला मोहल्ल्यात गाडीचे पैसे गोळा होतात, तेव्हा कुणीतरी वडीलधाऱ्याने उद्याच्या आणि परवाच्या भरतीच्या वेळा कागदावर लिहून ड्रायव्हरच्या हातात द्याव्यात. मोबाईलवर त्या दोन मिनिटांत मिळतात. मुले हसतील. हसू द्या. परत आल्यावर शीरखुर्म्याच्या उरलेल्या वाट्या चाटत हसणारी पोरे मोजताना आकडा पूर्ण भरला पाहिजे.