निसरड्या सकाळी

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचते आणि त्यावरून मालट्रक घसरतात, असे आम्ही वाचले होते. पण बर्फावाचूनही हिवाळा रस्ता निसरडा करू शकतो, हे नोकरीनिमित्त तलमडुगूस आल्यावरच कळले. आमची मायबोली कोंकणी. तीत घसरण्याला ‘निसरप’ म्हणतात. तेव्हा शब्द ओळखीचा होता, काळी माती मात्र नवी. कापूस वेचणीच्या दिवसांत अवकाळी सर आली की ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल डांबरी रस्त्यावर पडतो, रात्री त्यावर दव उतरते, आणि पहाटेच्या धुक्यात रस्ता साबण लावल्यासारखा होतो. आमच्याकडची तांबडी माती इतकी कपटी नाही. (हा आमचा पक्षपात असेलही!)

गेल्या डिसेंबरात एका विद्यार्थ्याचे वडील हाताला पट्टी बांधून शाळेत आले. कापसाचा ट्रक चालवण्यात त्यांची पंचवीस वर्षे गेलेली.

“गुरुजी, नव्या गाडीने दगा दिला,” ते म्हणाले.

जुन्या ट्रकचा ब्रेक जोराने दाबला की चाके जाम होत. जाम झालेले चाक नुसते घसरते. मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून उस्तादाने त्यांना शिकवले होते : दाबा, सोडा, पुन्हा दाबा. त्या पहाटे धुक्यातून एकाएकी बैलगाडी पुढे आली. ब्रेक दाबताच ‘फुस्‌ फुस्‌’ आवाज सुरू झाला. हवा गळते आहे असे वाटून त्यांनी पाय उचलला. बैलगाडी कशीबशी चुकली. ट्रक मात्र नाल्यात गेला.

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. ब्रेकविषयीचे आमचे ज्ञान सायकलीपुरते. विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना गाठले तेव्हा उलगडा झाला. नव्या ट्रकमध्ये चाकापाशी एक दातेरी कडे आणि त्याची गती मोजणारे उपकरण असते. चाक जाम होऊ लागले की झडप क्षणभर हवा सोडते नि पुन्हा भरते, एका सेकंदात अनेकदा. तोच तो आवाज! उस्तादाची विद्या यंत्राने आपल्याकडे घेतली होती. पायाने आता फक्त दाबून राहायचे. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९७८ साली मोटारीत ही इलेक्ट्रॉनिक योजना आणली, १९८१ पासून ती ट्रकांतही आली. आपल्या देशात नव्या जड ट्रकांना ती २०१५ पासून सक्तीची झाली.

“मग पंचवीस वर्षे शिकलो ते फुकट?” त्यांनी विचारले.

आम्हांस पटकन उत्तर सुचले नाही. हे यंत्र नसलेल्या जुन्या गाडीवर तीच विद्या कामाची, एवढे म्हणालो. शिवाय यंत्र रस्त्याला नवी पकड देत नाही. असलेली वापरते, आणि गाडी वळवता येऊ देते. चिखलावर वेग आवरायचा तो चालकानेच.

पुढच्या रविवारी त्यांनी मोकळ्या मैदानात पाणी शिंपडून रिकामा ट्रक हळूहळू चालवून पाहिला. आवाज होताच दोनदा पाय आपोआप उचलला गेला. तिसऱ्या वेळी आमच्याजवळ कडेला उभा असलेला मुलगा ओरडला, “बाबा, पाय काढू नका!”

‘फुस्‌ फुस्‌’ करीत ट्रक सरळ येऊन थांबला.