वर्गणी, दत्तक मूल आणि माझी एक जुनी बातमी

(पोस्ट मोठी आहे. पण शेवटपर्यंत वाचा, विशेषतः आमच्या पत्रकार मित्रांनी.)

मावशीचा फोन आला तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या बाहेर चहा पीत होतो. हॅलोसुद्धा न म्हणता तिनं सुरू केलं, "अरे, तुझा भाऊ तिकडं वर्गणी काढतोय म्हणं. मूल आणायला! वर्गणी गणपतीला काढत्यात, मुलाला व्हय? लोकं काय म्हणतील?"

मावसभाऊ आणि वहिनी गेली सतरा-अठरा वर्षं अमेरिकेत, टेक्सासमध्ये आहेत. दोघंही आता तिकडचे नागरिक. मूल नाही. बरेच उपचार झाले, मग दत्तक घ्यायचं ठरलं, आणि घ्यायचं तर आपल्याकडचंच, असं वहिनीनं ठरवलं. भारतातून एका मुलाची माहिती आली. वय सहा, एका कानानं कमी ऐकू येतं. दोघांनी होकार कळवला आणि मग खर्चाचा आकडा मांडला. ३८,००० डॉलर.

मावशीला वाटलं, एवढे पैसे म्हणजे मूल विकत घेणंच झालं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तेच वाटलं. म्हणून भावाकडून हिशेब मागवला. आपल्याकडच्या नियमानुसार परदेशी जाणाऱ्या मुलामागे भारतातल्या संस्थेला मिळणारी रक्कम ठरलेली आहे, ५,००० डॉलर. त्यावर संस्थेला दत्तक पालकांकडून देणगी म्हणून काही घेता येत नाही. बाकीचे पैसे तिकडेच लागतात. एजन्सीची फी, घराची पाहणी करून द्यायचा अहवाल, व्हिसा आणि इमिग्रेशनची कागदपत्रं, दाखल्यांवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, इथं येऊन राहण्याचा खर्च. अमेरिकन सरकार दत्तक पालकांना करात सवलत देतं, २०२४ साली ती १६,८१० डॉलरपर्यंत होती. पण ती मिळते नंतर, खर्च करावा लागतो आधी. म्हणून तिकडं पगारदार माणसं सर्रास मित्रांकडून, शेजाऱ्यांकडून पैसे उभे करतात. कुणी केक विकतं, कुणी टी-शर्ट छापतं. भावाच्या मित्रांनी एक जिगसॉ पझल आणलं. एक तुकडा २५ डॉलरचा, मागे देणाऱ्याचं नाव लिहायचं, पूर्ण झालेलं चित्र मुलाच्या खोलीत लावायचं. मला हे आवडलं. मावशीलाही समजावलं. "लग्नात आहेर घेतोच की आपण," म्हटलं. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "आहेर म्हण मग. वर्गणी म्हणू नको."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग भावानं मला एक पोस्टर पाठवलं. "तुझे एवढे फॉलोअर्स आहेत, पेजवर टाक, सोलापूरकर मदत करतील."

पोस्टरवर त्या मुलाचा फोटो होता. फाइलमधून घेतलेला, भिंतीला टेकून उभा, अंगात मोठा शर्ट. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मराठीत सांगायचं तर, आईबापांनी भारतातल्या रस्त्यावर टाकून दिलेल्या या मुलाला घर द्या.

मी फोन बाजूला ठेवला. त्याचं कारण सांगण्यासाठीच ही पोस्ट लिहितोय.

२००३ ची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. रोज सकाळी पोलीस ठाण्यांची फेरी मारायची, डायरीतल्या नोंदी उतरवून घ्यायच्या, दुपारी बातम्या द्यायच्या. एका सकाळी नोंद मिळाली, काही दिवसांचं स्त्री जातीचं अर्भक सापडलं. मी तासाभरात बातमी लिहिली. मथळा माझाच होता. "निर्दयी मातेने पोटच्या गोळ्याला फेकले." संपादकांनी शाबासकी दिली. बातमी पहिल्या पानावर, चौकटीत.

वीस वर्षांनी, दत्तक-प्रक्रियेत काम करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंचा फोन आला. युरोपातल्या एका देशातून एक मुलगी आली आहे, सोबत तिची आई आहे, इंग्रजी-मराठी समजावून सांगायला कुणीतरी हवंय, येशील का? (त्या मुलीची परवानगी घेऊन लिहितोय, आणि ओळख पटेल असे सगळे तपशील काढून.) तिनं रीतसर अर्ज केला होता. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. जन्मदात्यांची ओळख मात्र त्यांच्या संमतीशिवाय सांगितली जात नाही. पण जे मूल सापडलेलं असतं, त्याच्या बाबतीत संमती तरी कुणाची घेणार? तिच्या फाइलमध्ये पोलिसांचं पत्र होतं, समितीचा आदेश होता, वैद्यकीय तपासणीचा कागद होता. आणि वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण होतं.

बातमीवर नाव नव्हतं, नुसतं "प्रतिनिधी". पण आपली बातमी आपल्याला ओळखू येते.

मी मथळा जरा सौम्य करून सांगायला लागलो. बाळ सापडल्याची बातमी आहे, वगैरे. तिनं मध्येच थांबवलं. म्हणाली, "मी फोनवरच्या अॅपनं वाचलंय. क्रूर आई असं लिहिलंय ना?" मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "लिहिणाऱ्याला कसं कळलं ती क्रूर होती? तो तिला भेटला होता का?"

नव्हता. त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. ती बाई जिवंत होती का, तिनंच बाळ ठेवलं की दुसऱ्या कुणी तिच्याकडून काढून घेतलं, तिचं लग्न झालं होतं का, वय पंधरा होतं की तीस, यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं, "तो मीच."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "बातमीत नसलेलं आणखी काही तुम्हाला आठवतं?"

माझी वही केव्हाच रद्दीत गेली होती. पण एक गोष्ट आठवत होती, कारण ती तेव्हा मुद्दाम वगळली होती. ठाण्यातले हवालदार म्हणाले होते, "बाळ चांगलं धुतलेल्या धडप्यात गुंडाळलेलं होतं साहेब. आणि गालाला तीट होती." मी ते लिहिलं नाही, कारण मथळ्याशी जुळत नव्हतं. निर्दयी आई तीट कशाला लावेल?

तीट म्हणजे काय ते तिला समजावून सांगितलं. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तो काजळाचा ठिपका. हेही सांगितलं, की तो आईनंच लावला असं मी म्हणू शकत नाही. आजीनं लावला असेल, आणखी कुणी. पण कुणीतरी लावला होता. तिनं आपल्या गालाला हात लावून विचारलं, "इथं?" मग म्हणाली, "हे मला लिहून द्याल?"

मी एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. मराठीत आणि इंग्रजीत, खाली तारीख, सही. आता तिच्या फाइलमध्ये माझे दोन कागद आहेत. एक २००३ चा आणि एक हा.

भावाचं पोस्टर पाहिलं तेव्हा मला माझा मथळाच दिसला. पैसे उभे करण्यासाठी असो की पेपर खपवण्यासाठी, गोष्ट तीच लागते. मूल बिचारं, आईबाप दुष्ट, मग कुणीतरी वाचवणारं. व्हॉट्सअॅपवर पुण्यातून दत्तक गेलेल्या आणि ऑस्ट्रेलियाची कर्णधार झालेल्या लिसा स्थळेकरची गोष्ट फिरते. मी पाहिलेल्या त्या मेसेजमध्येसुद्धा तिच्या जन्मदात्यांना शिव्या असतातच. त्यांना ओळखणारं त्या ग्रुपवर कोण असतं?

भावाला रात्री फोन केला. आधी कायदा सांगितला. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही, फोटोसुद्धा, प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेपरात कोपऱ्यात बाळाचा फोटो आणि "पालकांनी संपर्क साधावा" असं निवेदन आपण पाहतो, ते पालकांचा शोध घेण्यासाठी यंत्रणेनं दिलेलं असतं. त्याचा अर्थ ज्याला वाटेल त्यानं फोटो वापरावा असा होत नाही.

मग म्हटलं, "कायदा सोड. ते पोरगं सहा वर्षांचं आहे. दहा वर्षांनी स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधेल. तुझ्या पोस्टरवरचं वाक्य त्याला सापडेल, आणि ते त्याच्या शाळेतल्या पोरांनाही सापडेल. त्याला आईबापांनी टाकलं, हे तुला कुणी सांगितलं? फाइलमध्ये आहे का?"

फाइलमध्ये नव्हतं. एका मित्रानं "अपील चांगलं व्हावं" म्हणून लिहिलं होतं. भाऊ बराच वेळ गप्प होता. पलीकडून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, उतरवतो आम्ही ते."

परदेशी दत्तक आणि पैसा यांचं नातं आपल्याकडे जुनंच नाजूक आहे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी अशा दत्तकांमधल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावरून १९८४ मध्ये न्या. भगवतींचा निकाल आला आणि पहिल्यांदा नीट नियम झाले. पुढे १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली. २००३ मध्ये भारतानं हेग करार मान्य केला. तरीही २०१० मध्ये पुण्यातल्या एका संस्थेच्या कारभाराचा तपास सीबीआयकडे गेला. नेदरलँड्सनं २०२१ मध्ये चौकशी अहवालानंतर परदेशी दत्तक थांबवले, चीननं २०२४ मध्ये आपली मुलं परदेशी दत्तक देणं जवळपास बंद केलं. या सगळ्या प्रकरणांत मोठी झालेली मुलं एकच तक्रार करतात, आमचे कागद खोटे होते किंवा अपुरे होते.

आज आपल्याकडून परदेशी जाणारी मुलं थोडीच आहेत. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तक झाले, त्यातले ४,१५५ देशातच. परदेशी जाणाऱ्यांत वयानं मोठी, भावंडं असलेली, आजार किंवा अपंगत्व असलेली मुलं जास्त, कारण आपल्याकडच्या रांगेतल्या बहुतेकांना तान्हं आणि निरोगी बाळच हवं असतं. त्यामुळे "आपली मुलं बाहेर का?" असं ओरडणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. भावाच्या या मुलाला देशात कुणी का नाही म्हटलं?

आपल्या जिल्ह्याला तर या विषयाची दीडशे वर्षांची ओळख आहे. १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यानंतर १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनी पंढरपुरात बालकाश्रम उभा केला, जो प्रार्थना समाजाच्या नवरंगे बालकाश्रम या नावानं आपल्याला माहीत आहे. विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, बाळ जगावं, ही त्यामागची कळकळ. त्या काळच्या माणसांना कळलं होतं, की बाळ सोडणाऱ्या बाईमागे एक अख्खा समाज उभा असतो. मला २००३ मध्ये डिप्लोमा करूनही कळलं नव्हतं.

आता भावाकडचं पुढचं. नवं पोस्टर झालं. त्यावर नवरा-बायकोचा फोटो, खर्चाचा सगळा हिशेब आणि एक ओळ, मुलाबद्दलची माहिती मुलाची आहे, म्हणून देत नाही. पैसे थोडे कमी जमले, खोटं कशाला बोलू. उरलेल्यासाठी भावानं कर्ज काढलंय. मावशीनं एफडी मोडून ११,००० दिले आणि तिकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या बॅगेत सहा सोलापुरी चादरी कोंबल्या. पाच पझलवाल्यांना विकायला, सहावी पोराच्या पलंगावर. फाइल अजून पुढे सरकतेय. २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्या टेबलापर्यंत ती यायची आहे.

वहिनीनं एक वही केली आहे. त्या संस्थेतल्या मावशी पोराला काय म्हणून हाक मारतात, त्याला काय खायला आवडतं, झोपताना काय लागतं, हे प्रत्येक व्हिडिओ कॉलनंतर त्यात लिहिते. मी सांगितलं, लिही. आपल्याला फालतू वाटणारी गोष्टच वीस वर्षांनी कुणीतरी विचारतं.

शेवटी दोन गोष्टी. बाळ सापडलं तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, १०९८ ला फोन करा. आणि एखाद्या बाईला खरंच मूल सांभाळणं शक्य नसेल, तर ती बालकल्याण समितीसमोर ते रीतसर सोपवू शकते. तिचं नाव गुप्त राहतं, निर्णय बदलायला साठ दिवस मिळतात. हे माहीत नसल्यामुळेच काही बाळं रस्त्याकडेला सापडतात.

आणि माझ्या तरुण पत्रकार मित्रांनो, उद्या डायरीत अशी नोंद मिळाली, तर हवालदाराला आणखी एक प्रश्न विचारा. बाळाच्या अंगावर काय होतं? जे सांगतील ते सगळं लिहा, आणि आईबद्दल जे माहीत नाही ते लिहू नका. ते कात्रण कुणाच्या तरी फाइलमध्ये जाणार आहे.