झाशीची धूळ आणि मनगटावरचे घड्याळ

झाशी म्हणताच मराठी मनासमोर राणी लक्ष्मीबाई आणि ओरछाच्या बीरसिंहदेवाने १६१३ साली बांधविलेला किल्ला उभा राहतो. परंतु झाशी ही रेल्वेचीही नगरी आहे. ज्या गावाचा दिनक्रम गाड्यांच्या वेळांशी जखडलेला, तेथे घड्याळाचे मोल निराळे सांगावयास नको.

बुंदेलखंडाचा उन्हाळा मात्र घड्याळाचा वैरी. पारा ४५ अंशांवर जातो, उष्ण वारे बारीक धूळ उडवितात. किल्लीचे जुने घड्याळ तासाला १८,००० वेळा, म्हणजे दिवसाकाठी ४,३२,००० वेळा टिकटिकते. त्यातील तेल वाळले व त्यात धूळ मिसळली, की चक्रांचे नाजूक आस झिजू लागतात. वरून घड्याळ चालतच असते; म्हणून ‘चालते आहे’ हा त्याच्या आरोग्याचा पुरावा नव्हे.

तीन ते पाच वर्षांनी ते जाणत्या कारागिराकडे द्यावे. तो डोळ्याला भिंग लावून प्रत्येक भाग सुटा करतो, धुतो, तपासतो आणि सुईच्या अग्राएवढे तेल देऊन वेळ जुळवितो. न उघडता वरवर तेल सोडणे ही सेवा नव्हे.

१९६१ साली बंगलोरला सुरू झालेला एच. एम. टी.चा घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तेव्हा वडिलांच्या घड्याळाचा झिजलेला भाग बदलण्यापेक्षा तो झिजू न देणेच शहाणपणाचे. झाशीस उतरलेल्या प्रवाशाने स्थानकाच्या घड्याळाशी आपले घड्याळ ताडून पाहावे. फरक रोज वाढत असेल, तर कारागिराकडे जाण्याची वेळ झाली असे समजावे.